सुंठीलाच सर्दी

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. कोपरखैरण्यात सिडकोच्या बैठ्या घरात आम्ही राहतो. मी, मुलगा, सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू. पाचवी सुंठी, आमची मांजरी. रंगाने सुंठेच्या पुडीसारखी, म्हणून हे नाव. मागच्या पावसाळ्यात लाइटच्या मीटरखाली भिजून गोळा झालेली सापडली, आता दीडेक वर्षांची असेल. लस वगैरे काही टोचलेली नाही. रविवारपासून शिंकते आहे, एकदा सुरू झाली की लागोपाठ सात-आठ. डोळ्यांतून पाणी, त्यात उजवा डोळा अर्धा मिटलेला. नाकातून आधी पाणी गळायचं, आता पिवळट शेंबूड येतो आणि खपली धरते. काल दिवसभरात दोन घास खाल्ले, आज दुपारपर्यंत तेही नाहीत. बांगड्याचं डोकं पुढ्यात ठेवलं तरी मान फिरवून बसली. शेजारच्या वहिनी म्हणतात, तापाची गोळी पाव करून द्या आणि नाकाला बाम चोळा. सूनबाईंना भीती की मुलाला लागण होईल. मला उलटीच भीती, कारण आठ दिवस आमचा नातूच शिंकतोय, त्याची सर्दी तर हिला लागली नाही ना? सुंठेवाचून खोकला जातो म्हणतात, मग सुंठीलाच कसा झाला? घरी काय करता येईल? डॉक्टरकडे न्यायलाच हवं का? रिक्षात ती फार आकांत करते.
– सुंठीची आजी, कोपरखैरणे

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी संपादकांनी आपलं बोलणं करून दिलं ते बरं झालं. ‘आज दुपारपर्यंत तेही नाहीत’ हे वाचल्यावर पुढच्या अंकाची वाट बघणं शक्यच नव्हतं. फोनवर घाईत जे सांगितलं ते इथे नीट लिहिते, कारण पावसाळा लागला की याच विषयाची पत्रं ढिगाने येतात.

आधी ती पाव गोळी. तुम्ही ती दिली नव्हती हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पॅरासिटामॉल आपल्या पोराबाळांना चालतं, मांजराला ते विष आहे. आपलं यकृत या औषधाला एक जोड लावून ते निरुपद्रवी करतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. ती जोड लावायची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. मग उरलेलं औषध रक्तातल्या तांबड्या पेशींवर उठतं. हिरड्या गुलाबीच्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. एका गोळीने चांगलं धट्टंकट्टं मांजर दगावू शकतं. नौपाड्यात माझा दवाखाना होता तेव्हा रात्री साडेदहाला अशी एक मांजरी आली होती. अर्धी गोळी साखरेच्या पाण्यातून दिलेली, तीही अगदी मायेने. (साखर का, तर गोळी तिला कडू लागू नये म्हणून! मांजराला गोड चव कळतच नाही.) तासाभरात आणली आणि ॲसिटिलसिस्टीनचा उतारा माझ्याकडे होता म्हणून वाचली. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, माणसांच्या चोंदलेल्या नाकाचे थेंब, यांतलं काहीच नको.

बामाचंही तेच. मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून काढतं, म्हणजे नाकावर चोळलेला बाम दहा मिनिटांत पोटात जातो. कापूर, मेंथॉल, निलगिरीचं तेल, सगळं वर्ज्य. गळ्यात ओव्याची पुरचुंडी बांधलेली मांजरंही मी पाहिली आहेत. दिसतात गोजिरवाणी, पण ओव्यातलं थायमॉल फिनेलमधल्या फिनॉलच्याच जातकुळीतलं आणि यकृताची अडचण तीच. हळद-दूधही नको. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, सर्दीला जुलाबांची जोड कशाला? थोडक्यात, बाळाच्या दुखण्याला आजी जे जे काढते ते ते सगळं कपाटात ठेवायचं. हे आजीलाच सांगते आहे, राग मानू नका.

आता माझी एक चूक सांगते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. ठाण्यात जांभळी नाक्यापाशी राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका त्यांचा बोका घेऊन आल्या. बंडू, सात किलोंचा, दोन्ही हातांनी उचलावा लागे. सर्दी झाली होती. मी डोळे पाहिले, छाती ऐकली, अँटिबायोटिक लिहून दिलं आणि ‘आठवड्यात बरा होईल’ म्हणून मोकळी झाले. जेवतो का, हे विचारलंच नाही. सहाव्या दिवशी बाई परत आल्या तेव्हा बंडूच्या कानांची आतली बाजू पिवळी पडली होती. सर्दी उतरणीला लागली होती हो, पण सहा दिवसांच्या उपासाने अंगावरची चरबी सुटून यकृतात जाऊन बसली होती. आपण चतुर्थी करतो, एकादशी करतो, मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की हा प्रकार सुरू होऊ शकतो, आणि मांजर जितकं जाड तितका धोका जास्त.

बंडूला नळी घालावी लागली. बाईंनी तीन आठवडे दर तीन तासांनी नळीतून पातळ खाणं दिलं आणि प्रत्येक वेळचे मिलिलिटर कालनिर्णयच्या चौकटीत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहून ठेवले. तो पुढे नऊ वर्षं जगला. ते कॅलेंडरचं पान मी मागून घेतलं होतं, अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तेव्हापासून शिंकणारं मांजर घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, काल किती खाल्लं? आणि ‘थोडंसं’ हे उत्तर मी घेत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवा, देताना वजन करा, उरलेलं परत तोला. वजाबाकी कॅलेंडरवर.

बांगड्याचं डोकं सुंठीने का नाकारलं ते यातून लक्षात येईल. मांजर नाकाने जेवतं. वास आला नाही तर समोर आहे ते अन्न आहे हेच तिला पटत नाही. म्हणून सगळी धडपड नाक मोकळं करण्याची, आणि ती जेवणाच्या जरा आधी. मोकळं झालेलं नाक फार वेळ मोकळं राहत नाही.

बाथरूमचं दार-खिडकी बंद करून गरम पाण्याचा शॉवर सोडा. आरसा धुरकट झाला की शॉवर बंद करून सुंठीला घेऊन आत स्टुलावर बसा, दहा मिनिटं पुरे. दिवसातून दोन-तीनदा. शॉवर नसेल तर कढत पाण्याची बादली चालेल, पण तिच्यावर जाळी किंवा चाळण ठेवा. घाबरलेलं मांजर उडी कुठे मारेल याचा नेम नाही. पाण्यात काहीही टाकायचं नाही. माणसासारखं डोक्यावर टॉवेल टाकून वाफारा तर मुळीच नको. आणि ती दारावर ओरबाडायला लागली तर सोडून द्या. धास्तीने धाप लागण्यापेक्षा चोंदलेलं नाक परवडलं.

मग पुसायचं. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, कोमट होऊ द्यायचं, रोज ताजं करायचं. कापसाचा बोळा भिजवून खपलीवर मिनिटभर नुसता टेकवून ठेवा. ती आपोआप सुटते, ओढलीत तर खालची कातडी निघते आणि मग ती तुम्हाला जन्मभर नाकाला हात लावू देणार नाही. डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. नाकात पिचकारी मारायची नाही. नाकपुड्यांभोवतीची कातडी लाल झाली असेल तर साध्या पेट्रोलियम जेलीचं एक बोट, त्यात वास-औषध काही नसलेली.

यानंतर लगेच जेवण, आणि जेवण उग्र वासाचं. चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं. कांदा-लसूण नाही, मीठ नाही, फोडणी नाही. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही नको. ऊन ऊन नको, मनगटाला कोमट लागेल इतपत. फ्रिजमधलं गार खाणं निरोगी मांजरही नाखुशीनेच खातं. तरीही तोंड लावलं नाही तर माझा हुकमी एक्का, जो मला दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एका कोळणीने शिकवला. मीठ न लावलेला सुका बोंबील तव्यावर कोरडाच भाजायचा, हाताने चुरायचा आणि चिमूटभर चिकनवर भुरभुरायचा. शेजारी तक्रार करतील, करू देत. खारवलेली मासळी मात्र नको.

किती खायला हवं? चार किलोच्या मांजराला दिवसाकाठी साधारण दोनशे कॅलरी लागतात, म्हणजे बिनहाडाचं उकडलेलं चिकन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. आजारात निम्मं गेलं तरी चालेल, पण चमचा-चमचा सहा-सात वेळा द्या. बळजबरीने तोंड उघडून कोंबू नका. नाक बंद असलं की घास श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. शिवाय त्या पदार्थाचा तिला कायमचा वीट येतो. पाणी पीत नसेल तर चिकन उकडलेलं पाणीच खाण्यात घाला.

कोणाची कोणाला लागली, याबद्दल सूनबाईंना निर्धास्त राहायला सांगा. मांजरांच्या बहुतेक सर्दीमागे दोन विषाणू असतात, मांजरांचा नागीण-कुळातला हर्पीस आणि कॅलिसी. दोन्ही मांजरांचेच, माणसाला लागत नाहीत. नातवाची साधी सर्दीही सुंठीला लागत नाही. फ्लू आणि कोविड मात्र माणसाकडून मांजराकडे गेल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा घरात तापाने कोणी आडवं असेल तर आठवडाभर तिचे मुके घेणं थांबवलेलं बरं. सुंठीला हे बहुधा खिडकीतल्या एखाद्या पाहुण्याकडून मिळालं, किंवा पिल्लू असल्यापासून अंगात दडलेलं आता वर आलं. लस नसल्यामुळे जोर जास्त.

डॉक्टरकडे न्यायलाच हवं का? तुमच्या बाबतीत हो, आणि दोन कारणांनी. एक, चोवीस तासांत पोटात जवळजवळ काही नाही. दुसरं, तो अर्धा मिटलेला उजवा डोळा. मांजर डोळा मिटून घेतं तेव्हा तो दुखत असतो, आणि हर्पीसने बुबुळावर व्रण पडतो. डॉक्टर डोळ्यात एक नारिंगी रंग घालून निळ्या उजेडात बघतात, व्रण असेल तिथे हिरवं चमकतं. घरात पडलेले माणसांचे जुने थेंब चुकूनही घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर व्रण खोल जातो, डोळा जाऊ शकतो.

रिक्षातल्या आकांतावर उपाय असा की झाकणाची टोपली किंवा पिंजरा आधीच खोलीत उघडा ठेवायचा, आत तिचंच अंथरूण. निघताना वरून चादर टाकायची. दिसलं नाही की निम्मी ओरड कमी होते. भाजीच्या पिशवीतून आणू नका, दोन मांजरं दवाखान्याच्या दारातून हायवेकडे पळालेली मी पाहिली आहेत.

काही गोष्टींसाठी मात्र थांबायचंच नाही, रात्र असली तरी. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासाबरोबर पोट जोरात आत-बाहेर होणं, हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसणं. झोपेत असताना अर्धा मिनिट श्वास मोजा आणि दुप्पट करा. तीसपर्यंत ठीक, चाळीसच्या वर गेले तर निघा. छोट्या पिल्लाने अर्धा दिवस खाल्लं नाही तरी निघा. नाक कोरडं आहे की ओलं यावर ताप ठरवू नका, त्याला काही अर्थ नाही. आणि डॉक्टरांनी ताप मोजून १०२ सांगितला तर घाबरू नका. मांजराचं नेहमीचंच तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

सुंठीच्या डोळ्यात छोटा व्रण निघाला, त्याचं मलम मिळालं. पिवळ्या शेंबडासाठी डॉक्सिसायक्लिन. (ही गोळी कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत अडकून जखम करते, म्हणून वर पाच मिलिलिटर पाणी किंवा लगेच घास.) विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मागाहून शिरलेल्या जिवाणूंसाठी ते असतं, त्यामुळे नुसत्या पाणेरी शिंकांना ते मागू नका. तुमच्या कॅलेंडरवरचे आकडे मी इथे मुद्दाम देते. पहिल्या दिवशी १८ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ३१, आणि बोंबील भाजला त्या दिवशी ७४. अकराव्या दिवशी तिने नातवाच्या डब्यातलं उकडलेलं अंडं पळवलं, ते वजन न करताच.

प्रश्न : घोडबंदर रस्त्याला आमचा वन-बीएचके. दोन मांजरं आहेत, लस झालेली. सोसायटीच्या पार्किंगमधून महिन्या-दोन महिन्यांचं पिल्लू मुलीने उचलून आणलं, ते शिंकतंय. एवढ्याशा घरात वेगळं कसं ठेवू? फरशी दोन वेळा फिनेलने पुसते आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : फिनेल आजपासून बंद. पावलांना लागतं, पावलं चाटली जातात. पुन्हा तेच फिनॉल, तेच यकृत. साधं ब्लीच घ्या, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. दहा मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने पुसा, वाळल्यावरच मांजरांना सोडा. हर्पीस मांजराच्या अंगाबाहेर दिवसभरात मरतो, कॅलिसी मात्र आठवडाभर आणि त्याहूनही जास्त तग धरतो, म्हणून भांडी आणि मातीचा ट्रे वेगळे हवेतच. पिल्लाला बेडरूम द्या, तुम्ही हॉलमध्ये झोपा. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, आणि पिल्लू आणणाऱ्या मुलीने आधी कबूल व्हावं. शिंकेचे तुषार चार-पाच फूट उडतात, त्यामुळे बंद दार त्यांना पुरेसं रोखतं. खरा वाहक तुमचे हात आणि गाऊन. आधी मोठ्यांचं खाणं-पिणं, शेवटी पिल्लाचं, मग साबणाने हात. मोठ्यांना लस असूनही दोन-चार शिंका येऊ शकतात, लस सर्दी पूर्ण अडवत नाही, तिचा जोर मोडते. पिल्लू बरं झालं आणि दोन महिन्यांचं झालं की तिहेरी लस सुरू करा, दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत, मग वर्षाने पुन्हा. रेबीजची वेगळी, ती चुकवू नका.

प्रश्न : आम्ही दर वर्षी गणपतीला मालवणला जातो आणि मांजरीला नेरुळमध्येच एका बोर्डिंगमध्ये ठेवतो. परत आलो की आठवड्यात शिंका सुरू. तिथली स्वच्छता कमी पडते का? कोणी लायसीन या प्रथिनघटकाची पावडर सुचवली आहे.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : बोर्डिंगवाल्यांना लगेच बोल लावू नका. हर्पीस एकदा अंगात शिरला की जन्मभर मज्जातंतूंमध्ये दबा धरून बसतो, आणि मांजराचं मन बिघडलं की आठवड्याभरात वर येतो. नवी जागा, अनोळखी मांजरांचा वास, एवढं पुरतं. मन बिघडतं म्हटलं की लोक हसतात, पण मांजराला घर बदलणं हे माणसं बदलण्यापेक्षा जड जातं. त्यामुळे शेजारच्या कोणाला तरी किल्ली देऊन दोन वेळा घरी यायला सांगा. मोदक त्यांच्यासाठीही आणा. लायसीन मीही पूर्वी भरपूर लिहून दिलं. तोवरच्या सगळ्या अभ्यासांच्या २०१५ साली झालेल्या एकत्रित पाहणीत त्याचा उपयोग आढळला नाही, तेव्हापासून लिहीत नाही. ते पैसे चांगल्या मासळीवर घाला.

प्रश्न : आमचा बोका नऊ वर्षांचा. महिनाभर फक्त डाव्या नाकपुडीतून शेंबूड येतो, दोनदा रक्त दिसलं. जेवण ठीक. मिठाच्या पाण्याने पुसतो आहे. अजून किती दिवस करू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : पुसत राहा, पण वाट बघू नका. सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते आणि दहा-पंधरा दिवसांत ओसरते. एकाच बाजूने महिनाभर आणि त्यात रक्त, म्हणजे आत काहीतरी आहे. गवताची काडी, किडलेल्या दाताचं मूळ, मांसाची वाढ किंवा बुरशी. गॅलरीत कबुतरांची विष्ठा साचत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. तिच्यात वाढणारी एक बुरशी मांजराच्या नाकात घर करते. नाकाचा हाडावरचा भाग एका बाजूने फुगलाय का, हे समोरून बघा. वरचे दात बघायला तो घरी देणार नाही, भूल देऊनच बघावे लागतील आणि एक्स-रेही काढावा लागेल, म्हणून सकाळी जाताना उपाशी न्यायचं का हे आधी फोन करून विचारा. याच आठवड्यात जा.